फटाके वाजण्याआधीचे चार महिने

आषाढ लागता लागता संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडते. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्या पालखीभोवती धावतात. सणसरचा मुक्काम आणि बेलवाडीचं गोल रिंगण झालं की सोहळा अंथुर्ण्यावरून निमगाव केतकीकडे सरकतो. टाळ-मृदंग, दिंड्यांचे भोंगे, ट्रक, पाण्याचे टँकर, माणसांची रीघ. सगळं गाव या दिवसाची वाट पाहतं. रस्त्याकडेच्या वस्तीवरचं कुत्रं मात्र त्या दिवशी कणगीमागे, ट्रॉलीखाली, नाहीतर थेट उसात जाऊन बसलेलं असतं.

आवाजांचं वर्ष इथून सुरू होतं असं समजा. पुढे पोळ्याची हलगी, गणपतीचा डीजे, नवरात्रातले कर्णे, दिवाळीची सुतळी. दिवाळीच्या आगेमागे भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचं गाळप सुरू होतं आणि उसाचे ट्रॅक्टर टेप मोठ्याने लावून रात्रभर रस्त्याने जात राहतात. ऊस तुटला की पाचट पेटतं, त्याचा तडतडाट. द्राक्षबागेत पाखरं उठवायला डबे वाजतात, मक्यात रानडुकरं शिरू नयेत म्हणून मध्यरात्री फटाका उडतो. मग लग्नसराईच्या वराती, चैत्र-वैशाखातल्या यात्रांचं दारूकाम आणि त्याला लागूनच वळवाचा कडकडाट. त्यातल्या त्यात शांत काळ म्हणजे पालखी गेल्यापासून गणपती येईपर्यंतचे दोन महिने. दिवाळी तिथून आणखी दोन महिन्यांवर. आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी जे काही करता येतं, त्यातला मोठा भाग या चार महिन्यांत करायचा असतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उपाय शोधायला निघालेल्या माणसाच्या हातात फार थोडं उरतं.

बहुतेक घरांत या भीतीवर एकच उत्तर असतं: होईल सवय. काही कुत्र्यांना होतेही. पण ज्याच्या मनात भीती एकदा बसली, त्याची भीती प्रत्येक आवाजाबरोबर घट्ट होत जाते. पहिल्या वर्षी ते सुतळी बॉम्बला दचकतं. दुसऱ्या वर्षी लवंगी माळेलाही पळतं. तिसऱ्या वर्षी काडीपेटीचा आवाज, दारूचा वास किंवा अंगणात जमलेली पोरं एवढ्यानेच ते थरथरायला लागतं. आवाजाच्या आधी काय काय घडतं हे त्याने नीट टिपून ठेवलेलं असतं. हळूहळू दिवेलागणीची वेळच त्याला नकोशी होते. म्हणून ‘होईल सवय’ म्हणून वर्षं घालवणं हे माझ्या मते आवाजाइतकंच नुकसान करतं.

माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे 45,000 हर्ट्झपर्यंतचा. आपल्याला धडाम एवढंच ऐकू येतं, त्याला त्याच्या आधीची शीळ आणि आपल्या कानांपलीकडची करकरही ऐकू येते. शिवाय आवाज कुठून येतोय, किती वेळ चालणार, अंगावर येणार की नाही, यातलं काहीच त्याला कळत नाही. रात्री वस्तीवर आलेल्या परक्या माणसावर ते धावून जातं, कारण तो माणूस दिसतो, त्याचा वास येतो, त्याला हुसकावता येतं. आवाजाला हुसकावता येत नाही. तेव्हा राखणीचं कुत्रं एवढं भित्रं कसं, हा प्रश्नच चुकीचा आहे. हेलसिंकी विद्यापीठाने 2020 मध्ये फिनलंडमधल्या सुमारे 13,700 पाळीव कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. भीती आणि अस्वस्थतेच्या सगळ्या प्रकारांत आवाजाची भीती सर्वांत जास्त आढळली, जवळजवळ 32 टक्के कुत्र्यांत. तिथल्या घरंदाज, जपलेल्या कुत्र्यांची ही गत असेल तर आपल्या वस्तीवरचा गावठी वाघ्या, धनगराच्या वाड्यावरचं कुत्रं किंवा हौसेने आणलेला लॅब्रॅडोर घाबरला तर त्यात त्याची काही कसूर नाही.

पिल्लू धीट व्हावं म्हणून त्याच्याजवळ मुद्दाम फटाका वाजवायची रीत काही ठिकाणी आहे. ती कृपा करून थांबवा. साधारण तीन आठवड्यांपासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतच्या वयात पिल्लू जगाची ओळख करून घेतं. या वयात हलक्या, दुरून येणाऱ्या, वेगवेगळ्या आवाजांची खाण्या-खेळण्याबरोबर ओळख झाली तर ते पुढे जन्मभर पुरतं. याच वयात कानाशी बॉम्ब वाजला तर तोही जन्मभर पुरतो.

आता लक्षणं. शेपूट पायात घालणं, थरथरणं, पळून जाणं हे सगळ्यांनाच कळतं. पण बरीच कुत्री गप्प राहून घाबरतात आणि ते आपल्या लक्षात येत नाही. ऊन नसताना धापा टाकणं, लाळ गळणं, वारंवार ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, कान मागे चिकटवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, येरझाऱ्या, माणसाच्या पायांत पायांत घुटमळणं, दार किंवा जमीन खरवडणं, जागच्या जागी लघवी होणं. या सगळ्यांत एक खूण तुम्ही घरबसल्या तपासू शकता: एरवी झडप घालून खाणारं कुत्रं आवाज सुरू असताना आवडीचा घास नाकाशी धरला तरी तोंड फिरवतं. एवढं झालं की भीती हलकी राहिलेली नाही असं धरा. कोपऱ्यात निपचित पडलेलं कुत्रं शांत आहे असं समजू नका. कित्येकदा ते भीतीने थिजलेलं असतं.

तयारीची सुरुवात जागेपासून करायची. आपल्याकडे कुत्रं बहुधा अंगणात, गोठ्यापाशी किंवा पत्र्याच्या शेडच्या खांबाला बांधलेलं असतं. आवाजाच्या रात्रीसाठी यापेक्षा वाईट जागा नाही. पत्रा पावसाचा आणि फटाक्याचा आवाज मोठा करतो, खांबाला बांधल्यामुळे पळता येत नाही, आणि घाबरलेलं कुत्रं साखळीला हिसके देऊन गळा सोलून घेतं, कधी उडी मारून दावणीवर किंवा कुंपणावर लटकतं. त्याला घराच्या आत, रस्त्यापासून सगळ्यांत लांबच्या खोलीत जागा द्या. धान्याची खोली उत्तम. पोत्यांच्या थप्पीमुळे आवाज बराच अडतो. एकच खोली असेल तर खाटेखाली. खाटेवरून जमिनीपर्यंत वाकळ सोडली की आत अंधारी, बंदिस्त जागा तयार होते, ती कुत्र्यांना आवडते. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा किंवा कूलर चालू, टीव्हीचा किंवा रेडिओचा आवाज नेहमीइतकाच. बाहेरचा आवाज दाबायला म्हणून टीव्ही कर्कश केला तर त्याच्या त्रासात भरच पडते.

कुत्रं घरात घेत नाही, अशी बरीच घरं आहेत. तिथे गोठ्यातला आतला, पक्क्या भिंतीचा कोपरा निवडा. पेंडीची किंवा भुशाची भरलेली पोती तीन बाजूंनी रचा, खाली गोणपाट टाका. कोरडं पाचट तिथे पसरू नका, कारण दिवाळीत एखादा बाण कुठे येऊन पडेल सांगता येत नाही. मोटारीच्या खोलीत कोंडू नका, तिथे उघड्या वायरी असतात आणि घाबरलेलं कुत्रं दिसेल ते चावतं, खरवडतं. कुत्र्याने स्वतःच एखादी जागा निवडली असेल, न्हाणीघर म्हणा, जिन्याखालची सांद म्हणा, तर तीच नीट करून द्या आणि तिथून त्याला ओढून काढू नका.

ही जागा सणाच्या दिवशी पहिल्यांदा दाखवली तर कुत्र्याला ती शिक्षा वाटते. म्हणून आतापासून त्याची रोजची एक भाकरी तिथेच द्या. दुपारची झोप तिथे होऊ द्या. त्याच्या अंगाचा वास लागलेलं जुनं फडकं तिथे ठेवा. महिनाभरात कुत्रं आपणहून तिकडे जायला लागलं की ती जागा त्याची झाली. दार त्याला आत-बाहेर जाता येईल असं उघडं असावं. फक्त घराचं बाहेरचं दार बंद.

याच्या जोडीने कानाचा सराव. मोबाइल आणि छोटा स्पीकर असला की पुरे. फटाक्यांचे, ढोल-ताशाचे, गडगडाटाचे आवाज सहज मिळतात. पहिल्या दिवशी आवाज इतका बारीक ठेवा की कुत्र्याचा कान हलेल पण ते उठून जाणार नाही. आवाज सुरू झाला की लगेच त्याच्या अत्यंत आवडीचा, एरवी न मिळणारा घास द्या, बारीक बारीक तुकड्यांत, एकामागून एक. आवाज थांबला की घास थांबला. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आवाज, मग घास. उलटं केलंत, म्हणजे घास दाखवून मग आवाज लावलात, तर थोड्याच दिवसांत घास दिसला की कुत्रं सावध होऊन निघून जाईल. पाच मिनिटं, दिवसातून एकदा-दोनदा, एवढंच. आवाज लागला की कुत्रं तुमच्या हाताकडे आशेने बघायला लागलं, तर आवाज अगदी थोडा वाढवा. त्याने खाणं सोडलं, उठून गेलं, जांभया द्यायला लागलं, तर तुम्ही घाई केली आहे. दोन पायऱ्या खाली या. आठवडाभर एकाच पायरीवर थांबावं लागलं तरी चालतं. गणपतीपर्यंतचे दोन महिने त्यासाठीच आहेत.

घास कोणता, हे घराघरावर आहे. उकडलेली कलेजी, चिकनचा तुकडा, अंडं. शाकाहारी घरात पनीर, उकडलेलं रताळं, थोडं तूप लावलेली भाकरी. मसाला, कांदा, लसूण नको. आपल्या भागात मुद्दाम सांगायला हवं ते द्राक्षांबद्दल: द्राक्ष आणि मनुके यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. बागेतली गळलेली द्राक्षं त्याच्यापुढे टाकू नका, दिवाळीत मनुके घातलेले लाडू आणि चॉकलेटही नको.

मोबाइलवरचा आवाज आणि खरा आवाज यांत फरक राहतोच. म्हणून दिवसभरात जे खरे आवाज होतात त्यांचाही उपयोग करा. ट्रॅक्टरने फट् केलं, पत्रा कोसळला, लांबच्या मळ्यात फटाका उडाला, की त्या क्षणी खिशातला तुकडा त्याच्यापुढे. बर्न विद्यापीठातल्या स्टेफानी रीमर यांनी 1,225 कुत्र्यांच्या मालकांना विचारून 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकी हीच पद्धत वरचढ ठरली. प्रत्येक आवाजामागोमाग खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी 70 टक्क्यांहून अधिक मालकांनी कुत्र्याची भीती कमी झाल्याचं सांगितलं. नुसत्या ध्वनिमुद्रित आवाजाच्या सरावाला हाच आकडा 55 टक्क्यांच्या आसपास होता. अंगाला घट्ट बसणाऱ्या जाकिटाचा फायदा 44 टक्क्यांनी सांगितला. ते करून बघायला हरकत नाही, जुना टी-शर्ट किंवा उपरणं छातीभोवती बेताने घट्ट गुंडाळलं तरी चालतं, मात्र कुत्रं त्याने ताठून उभं राहिलं तर लगेच काढा. सुगंधी अर्क, वनौषधींच्या गोळ्या यांचा गुण मात्र एक तृतीयांश मालकांनाच जाणवला. पैसे तिथे घालवण्याआधी दोनदा विचार करा.

मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे निवांत पडायला शिकवणं, आणि रीमर यांच्या अभ्यासातही तिला 69 टक्के मालकांनी कौल दिला. एक ठरावीक गोणपाट घ्या. संध्याकाळी ओट्यावर बसाल तेव्हा ते शेजारी अंथरा. कुत्रं त्यावर बसलं की घास, अंग टाकलं की घास, मान खाली टेकवली की आणखी एक. हाक नाही, हुकूम नाही. काही आठवड्यांत ते गोणपाट अंथरताच कुत्र्याचं अंग सैल पडायला लागतं. मग ते गोणपाट तुम्ही त्याच्या सुरक्षित जागेत नेऊ शकता, दवाखान्यात नेऊ शकता, पाहुण्यांकडे नेऊ शकता.

आता प्रत्यक्ष आवाजाचा दिवस. दिवस मावळायच्या आत त्याला फिरवून आणा, शी-शू उरकू द्या आणि पोटभर जेवू घाला. फिरवताना दोरी हातात असू द्या, रोज मोकळं फिरणारं कुत्रं असलं तरी. घाबरलेल्या कुत्र्याच्या गळ्यातला सैल पट्टा मान मागे ओढताच निसटतो. छातीवरून येणारा पट्टा त्याहून बरा, दुकानात हार्नेस म्हणून मागा. पट्ट्यावर न पुसणाऱ्या शाईने तुमचा मोबाइल नंबर लिहा. पाण्याचं भांडं त्याच्या जागेत ठेवा, कारण धापा टाकून तोंडाला कोरड पडते. आणि घरातलं कुणीतरी एक जण त्याच्याजवळ राहील असं बघा.

जवळ घेतलं तर लाड होऊन भीती वाढते, असं पूर्वी जाणकारही सांगायचे. ते आता मागे पडलं आहे. भीती ही भावना आहे. मायेने पाठीवर हात ठेवल्याने ती वाढत नाही. कुत्रं तुमच्या कुशीत शिरत असेल तर शिरू द्या, हळू आवाजात बोला, संथ हात फिरवा. त्याला एकटं लपायचं असेल तर लपू द्या. तुम्ही स्वतः घाबरून धावपळ करू नका, एवढंच. ओरडणं, मारणं, ‘काय होतंय तुला’ म्हणत ओढत डीजेसमोर नेऊन उभं करणं, याने भीतीत तुमचीही भर पडते. आणि कोपऱ्यात सापडलेलं घाबरलेलं कुत्रं घरच्या माणसालाही चावू शकतं. लहान मुलांना त्या दिवशी त्याच्या जागेत जाऊ देऊ नका. रेबीजची लस दरवर्षी टोचलेली असावीच. तरीही दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. जखमेवर हळद, चुना, मिरची काही लावू नका.

डीजेचं एक वेगळं आहे. त्याचा ठोका भिंतीतून, जमिनीतून अंगात येतो. खिडक्या बंद केल्याने तो थांबत नाही. घर मिरवणुकीच्या रस्त्यावरच असेल तर विसर्जनाच्या दिवशी कुत्र्याला मळ्यातल्या भावकीकडे किंवा शेजारच्या शांत गावी ओळखीच्या माणसापाशी ठेवून येणं हा खरा उपाय. त्या घराची ओळखही आधीच, दोन-तीनदा नेऊन आणून करून द्या. पालखीच्या दिवशीही हेच. शिवाय त्या दिवशी वारकरी मायेने भाकरी टाकतात आणि काही कुत्री दिंडीमागे चालत पार पुढच्या मुक्कामाला पोचतात. म्हणून निर्भय कुत्रं असलं तरी त्या दिवशी ते मोकळं नको.

वळवाच्या पावसाचं तर वेळापत्रकच नसतं, आणि त्यात आवाजाबरोबर वीज चमकते, वारा सुटतो, हवेचा दाब बदलतो, मातीचा वास येतो. कुत्र्याला पाऊस आपल्याआधी कळतो. ते पाय ओढायला लागलं, घरात घुसायला लागलं, की आभाळाकडे न बघता त्याला त्याच्या जागी न्या आणि पडदे लावा. मोबाइलवरच्या सरावाचा वळवाला कमी उपयोग होतो, चांगल्या जागेचा जास्त.

कुत्रं सहा-सात वर्षांचं झालं, आजवर कधी घाबरलं नाही आणि यंदा अचानक आवाजाला बिचकायला लागलं, तर आधी दुखणं शोधा. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या 2018 मधल्या एका छोट्या अभ्यासात आवाजाला घाबरणाऱ्या 20 कुत्र्यांची तुलना केली होती, 10 सांधे-स्नायूंचं दुखणं असलेली आणि 10 नसलेली. दुखणाऱ्या कुत्र्यांत ही भीती सरासरी चार वर्षं उशिरा सुरू झालेली दिसली. आवाजाने दचकलं की अंग आखडतं, आखडलेलं अंग दुखतं, आणि मग आवाज आणि दुखणं यांची गाठ पडते असा त्याचा अर्थ लावला जातो. आपल्या कुत्र्यांना ट्रॅक्टरची धडक, जुनं मोडलेलं हाड, कानातला पू, किडलेला दात हे नेहमीचंच. दुखणं बरं केलं की भीतीही उतरणीला लागते.

भीती फार असेल, म्हणजे कुत्रं दार फोडतं, अंगाला जखमा करून घेतं, दोन-दोन दिवस खात नाही, तर पशुवैद्यकाकडे जायला लाजू नका आणि उशीर करू नका. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापासून सुरुवात करा. गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर साताऱ्यातल्या शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अल्प्राझोलाम, ट्राझोडोन, गॅबापेंटिन यांसारखी औषधं कुत्र्यांच्या या भीतीवर जगभर वापरली जातात आणि रीमर यांच्या अभ्यासातही डॉक्टरांनी लिहून दिलेल्या भीतीच्या औषधांचा गुण 69 टक्के मालकांनी सांगितला. मात्र औषध आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. गोळी आवाज सुरू व्हायच्या आधी द्यावी लागते, भीती चढल्यावर तिचा जोर पडत नाही. आणि सणाच्या आधी एखाद्या निवांत दिवशी ती देऊन बघायची, म्हणजे मात्रा कळते. डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: हे औषध भीती कमी करणारं आहे की नुसतं अंग ढिलं करणारं? एसप्रोमाझिन हे जुनं गुंगीचं औषध एकटंच दिलं तर कुत्रं हलत नाही, पण आतली भीती तशीच राहू शकते. घरातली झोपेची गोळी, माणसांची वेदनाशामक, भांग किंवा घोटभर दारू देण्याचे सल्ले कुणी दिले तर ऐकू नका. त्यांत कुत्री दगावतात.

एवढं करूनही कुत्रं पळालंच तर? ते धावत सुटतं आणि दमलं की आडोशाला बसतं. आधी घराच्या आसपासचे आडोसे बघा: ट्रॉलीखाली, कडब्याच्या गंजीमागे, चारीच्या नळ्यांत, कालव्याच्या पुलाखाली. नीरा डाव्या कालव्याच्या उतरत्या काठावरून पाण्यात गेलेल्या कुत्र्याला वर येणं जमेलच असं नाही, म्हणून कालव्याचा काठ पहिल्या तासातच फिरून घ्या. रात्री उसात शिरू नका. ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आता नवा राहिलेला नाही. बांधावरून, दोघा-तिघांनी मिळून, बॅटरी घेऊन हाका मारा. बिबट्या दिसला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. कुत्रं दिसलं तर त्याच्यामागे धावू नका, खाली बसा, तोंड वळवा, नेहमीच्या आवाजात बोलावा. घराचं फाटक उघडं आणि त्याचं गोणपाट दारात ठेवा. आवाज थांबल्यावर पहाटे बरीच कुत्री आपणहून परत येतात. त्यांना फाटक बंद मिळू नये. फोटो गावच्या आणि शेजारच्या गावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच टाका. दूधवाले आणि उसाचे ट्रॅक्टरवाले सगळ्यात आधी बघतात.

ज्यांना मालक नाही त्या कुत्र्यांचाही विचार व्हायला हवा. एस.टी. स्टँडवरची, शाळेमागची, ऊसतोड मजुरांच्या कोपीपाशी आलेली. दिवाळीच्या रात्री ती तुमच्या जिन्याखाली येऊन बसली तर हुसकावू नका. सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा गाडी सुरू करण्याआधी चाकांखाली वाकून बघा, रात्रभर ती तिथे दडलेली असतात. शेपटीला माळ बांधणाऱ्या पोरांना तिथल्या तिथे थांबवा. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

कायदा आवाजालाही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपक बंद असायला हवेत, वर्षातले मोजके दिवस सरकार 12 पर्यंत सूट देऊ शकतं. आवाज करणारे फटाकेही रात्री 10 नंतर चालत नाहीत. 4 मीटर अंतरावर 125 डेसिबलहून मोठा आवाज करणारा फटाका बनवायला, विकायला आणि उडवायलाही मनाई आहे. रात्री फारच झालं तर 112 आहेच. पण गावात माझा भर पोलिसांपेक्षा आधीच्या बोलण्यावर आहे. मंडळातली पोरं आपलीच असतात. गणपतीच्या आठ दिवस आधी अध्यक्षाला गाठून विचारा की मिरवणूक आपल्या आळीत किती वाजता येणार, गाडी कुठे थांबणार. भिंतींकडे तोंड करून उभे केलेले स्पीकर थोडे फिरवता येतात, गोठ्यासमोरचा थांबा वीस पावलं पुढे नेता येतो. दुभत्या जनावरांचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या पोराला ते पटकन पटतं, कारण म्हैसही या आवाजाला बिचकते हे त्याने पाहिलेलं असतं. वरातीचं दारूकाम कधी होणार हे लग्नघरी विचारलं तर सांगतात. वेळ कळली की तासभर आधी कुत्र्याला जेवू घालून त्याच्या जागी नेता येतं, गोळी असेल तर ती वेळेवर देता येते.

आवाज थांबल्यावर दोन-तीन दिवस कुत्र्याला सवलत द्या. शरीरातला ताण लगेच उतरत नाही, दुसऱ्या दिवशी भांडं पडलं तरी ते दचकतं, कमी खातं, जास्त झोपतं. लांब फिरवणं, आंघोळ, पाहुणे, दवाखान्याची नेहमीची फेरी हे पुढे ढकला. दोरी मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत सोडू नका, कारण उरलेले फटाके पोरं तोवर उडवत राहतात. मोबाइलवरचा सराव चार-पाच दिवस बंद ठेवा आणि नंतर जिथे सोडला होता त्याच्या बरंच खालच्या आवाजापासून पुन्हा धरा. तोवर कारखान्याचे ट्रॅक्टर सुरू झालेले असतील, तेव्हा खिशात थोडी कलेजी किंवा पनीर बाळगायला विसरू नका.